घोटा झाकणारे बूट की घोट्याखालचे?

बास्केटबॉलचे बूट घ्यायला घरातली तीन माणसं दुकानात गेली, की तिघांना तीन वेगळे बूट दिसतात. खेळणाऱ्या पोरीला रंग दिसतो, पैसे देणाऱ्याला किंमत दिसते आणि आईला घोटा दिसतो. आईचं म्हणणं एकच असतं, घोटा झाकलेला हवा. तुमच्या घरात एखादं मूल बास्केटबॉल खेळत असेल, तर हा वाद तुमच्याकडे होऊन गेला असेल किंवा लवकरच होईल. आमच्याकडे तो कसा झाला आणि त्यातून काय हाती लागलं, ते सांगते. कदाचित तुमचे थोडे पैसे आणि थोडी भांडणं वाचतील.

आम्ही इंदूरचे मराठी. धाकटी बहीण नववीत आहे आणि शाळेच्या संघात गार्ड म्हणून खेळते. गार्ड म्हणजे चेंडू टपटपवत पुढे नेणारी, इतरांना पास देणारी. हिची उंची जेमतेम पाच फूट दोन इंच. त्यामुळे सगळं भांडवल पायात. धावता धावता गच्चकन थांबायचं, बाजूला सरकायचं, समोरचीला हुलकावणी द्यायची. मागच्या डिसेंबरात तिनं चेंडू पकडायला उडी मारली आणि खाली येताना पाऊल दुसऱ्या मुलीच्या बुटावर पडलं. उजवा घोटा मुरगळला. हाड मोडलं नव्हतं, पण बाहेरच्या बाजूचं लिगामेंट चांगलंच ताणलं गेलं होतं. खेळ बंद, व्यायाम सुरू.

मार्चमध्ये फिजिओथेरपिस्टनी पुन्हा खेळायला परवानगी दिली. तोवर जुने बूट लहान झाले होते. धाकटीला हवे होते लो-टॉप, म्हणजे घोट्याच्या खालीच संपणारे. तिच्या संघातल्या बहुतेक मुली तेच घालतात. आईनं फोटो पाहिला आणि म्हणाली, "हे काय गं, अर्धेच बूट! घोटा उघडा टाकून खेळायचं असेल, तर नकोच ते खेळणं."

म्हणजे प्रश्न आता बुटांचा राहिला नव्हता. ती पुन्हा खेळणार की नाही, असा झाला होता. बूट माझ्या पगारातून यायचे होते, म्हणून निकालही माझ्यावर आला.

आता माझं काम काय, तर कंटेंट लिहिणं. इंग्रजी घेऊन बीए केलं आणि पोटापाण्यासाठी वस्तूंची वर्णनं लिहिते. "भक्कम आधार", "ढगावर चालल्यासारखा आराम" अशी वाक्यं दिवसाला दहा लिहून होतात. त्यामुळे खोक्यावरच्या वाक्यावर माझा फारसा विश्वास बसत नाही. मी ठरवलं, आधी वाचायचं, मग दुकानात जायचं.

उंच बूट आले कुठून?

उंच बूट बास्केटबॉलमध्ये फार जुने. कॉन्व्हर्स कंपनीचा ऑल स्टार 1917 मध्ये आला. कॅनव्हासचा, रबरी तळाचा, घोटा झाकणारा. पुढे चक टेलर या खेळाडूचं नाव त्याला चिकटलं आणि कित्येक वर्षं बास्केटबॉलचा बूट म्हणजे हाच, असं समीकरण झालं. पण त्याच कंपनीनं 1957 मध्ये त्याचा घोट्याखालचा प्रकारही काढला. 1969 मध्ये आदिदासचा सुपरस्टार आला, तो चामड्याचा आणि लो-टॉप. 1973 मध्ये प्यूमानं न्यूयॉर्क निक्सच्या वॉल्ट फ्रेझरसाठी क्लाइड हा बूट काढला, तोही लो-टॉपच. म्हणजे "हल्लीच्या मुलांची फॅशन" म्हणून आपण ज्याला नाक मुरडतो, त्याचं वय आपल्या आईवडिलांइतकं आहे.

मध्यंतरी उंच बुटांची चलती झाली आणि मग कोबी ब्रायंट आला. त्याचे वडील इटलीत व्यावसायिक बास्केटबॉल खेळायचे, त्यामुळे त्याचं लहानपण तिथे गेलं आणि फुटबॉल बघत गेलं. त्याचा मुद्दा साधा होता. फुटबॉलपटूही जिवाच्या आकांतानं धावतात, झटक्यात दिशा बदलतात आणि घोट्याखालचेच बूट घालतात. मग आम्ही का नाही? नायकीचा डिझायनर एरिक अव्हार याच्याबरोबर त्यानं आपला चौथा बूट लो-टॉप करून घेतला आणि 2008 च्या शेवटी तो लोकांसमोर आला. त्यानंतर मोठमोठे खेळाडू लो-टॉप घालून दिसू लागले. आता दुकानात बास्केटबॉलच्या फळीवर निम्मेअधिक बूट तसलेच असतात.

मी हे सगळं आईला सांगितलं. आई म्हणाली, "तो कोबी राहू दे. हिच्या पायाचं बोल."

उंच कॉलरनं घोटा वाचतो का?

बरोबरच होतं तिचं. म्हणून हिच्या पायाचं वाचलं.

घोटा मुरगळतो तो बहुतेक वेळा एकाच तऱ्हेनं. पावलाचा तळवा आतल्या बाजूला वळतो, सगळं वजन बाहेरच्या कडेवर येतं आणि बाहेरच्या बाजूचं लिगामेंट ताणलं जातं किंवा फाटतं. ऑस्ट्रेलियात दहा हजारांहून अधिक बास्केटबॉल खेळाडूंवर झालेला एक अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात घोट्याच्या जवळपास निम्म्या दुखापती उडीवरून खाली येताना झालेल्या होत्या. धाकटीची अगदी तशीच.

मग उंच कॉलर हे वळणं थांबवते का? प्रयोगशाळेत पाहिलं तर उंच बूट पावलाच्या आत वळण्याला थोडा विरोध करतो. पण मैदानावर? 1993 मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कॉलेजात हौशी बास्केटबॉल खेळणारे 622 खेळाडू घेतले, त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले आणि प्रत्येक गटाला नवे बूट दिले. एकाला लो-टॉप, एकाला हाय-टॉप, एकाला हवा भरता येणारे हाय-टॉप. सगळ्या हंगामात घोट्याच्या 15 दुखापती झाल्या. साध्या हाय-टॉपमध्ये 7, हवावाल्यांत 4 आणि लो-टॉपमध्ये 4. बुटाची उंची आणि दुखापत यांचा ठळक संबंध दिसला नाही.

यावरून लो-टॉप जास्त सुरक्षित, असं म्हणता येणार नाही. पंधरा हा आकडा त्यासाठी फारच लहान आहे. पण उंच कॉलर म्हणजे घोट्याचा विमा, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. बुटाचं वरचं कापड मऊ असतं आणि उडीवरून खाली येणाऱ्या माणसाचं वजन कितीतरी पट जोरानं येतं. कापडानं ते किती अडवावं?

मग घोटा वाचवतं कोण? दोन गोष्टी हाती लागल्या. पहिली, नाड्यांनी आवळायचा घोट्याचा पट्टा, ज्याला खेळाडू ब्रेस म्हणतात. अमेरिकेतल्या शाळांमधल्या 1460 बास्केटबॉल खेळाडूंवरचा अभ्यास 2011 मध्ये आला. पट्टा वापरणाऱ्यांमध्ये घोट्याच्या दुखापतींचं प्रमाण न वापरणाऱ्यांच्या साधारण एक तृतीयांश होतं. दुसरी गोष्ट, तोल सांभाळण्याचे व्यायाम. एका पायावर उभं राहणं, टाचा उचलणं, रबरी पट्टीला पाऊल अडकवून बाहेर ढकलणं. यात खर्च शून्य, कंटाळा मात्र भरपूर.

आणि एक गोष्ट अशी होती, की ती वाचून माझ्या पोटात गोळा आला. ऑस्ट्रेलियातल्या त्याच अभ्यासात, ज्यांचा घोटा आधी दुखावला होता त्यांना पुन्हा दुखापत होण्याची शक्यता इतरांच्या जवळपास पाचपट होती. म्हणजे आईची भीती खरी होती. फक्त त्या भीतीवरचा उपाय बुटाच्या कॉलरमध्ये नव्हता.

आईचा घोटा

त्या रात्री हे सगळं आईसमोर मांडलं. पाचपटीचा आकडाही लपवला नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग साडी जरा वर करून तिनं आपला डावा घोटा दाखवला. बाहेरच्या बाजूला थोडा फुगीर. मी आयुष्यभर पाहत आले होते, पण कधी विचारलं नव्हतं.

आई देवासला शाळेच्या खो-खो संघात होती. हे आम्हाला माहीत होतं. अनवाणी खेळायची, खांबाला वळसा घालताना कुणाच्या हाती लागायची नाही, हे मामा सांगायचा. अकरावीत तिचा पाय मुरगळला. आजीनं आंबेहळदीचा लेप लावला, फडकं बांधलं, तीन आठवड्यांनी ती चालायला लागली. मैदानावर परत गेली तेव्हा महिनाभरात तोच पाय पुन्हा मुरगळला. मग आजोबा म्हणाले, "पुरे आता." आणि पुरे झालं. व्यायाम करायचा असतो, हे कुणी सांगितलं नाही. कुणाला माहीतही नव्हतं.

"मला वाटायचं, पायात काहीतरी असतं तर वाचला असता," आई म्हणाली.

तुमच्याही घरात एखादी आई, काकू, आत्या अशी असेल, जिचा खेळ एका मुरगळीवर थांबला. मुलींच्या बुटांवरून होणाऱ्या वादामागे कधी कधी अशी जुनी मुरगळ असते. आईला मी फक्त एवढंच विचारलं, "धाकटीनं रोज व्यायाम केला आणि पट्टा बांधला, तर चालेल?" आई म्हणाली, "पट्टा मी स्वतः आवळून बघणार." ठरलं.

दुकानात काय बघायचं?

शहरातली तीन दुकानं पालथी घातली. एका दुकानदारानं पहिल्याच मिनिटाला सांगितलं, "मॅडम, हाय एंकल ले लो, पैर मुड़ेगा ही नहीं." मी हसून मान डोलावली आणि आमची यादी काढली. ती यादी तुमच्यासाठी इथे देते. लो-टॉपला वरून आधार नसतो, म्हणून बाकीचं सगळं नीट असावं लागतं.

पाऊल घरीच मोजा. संध्याकाळी मोजा, कारण दिवसभरात पाऊल थोडं फुगतं. भिंतीला लावून कागद ठेवायचा, टाच भिंतीला टेकवून उभं राहायचं आणि सगळ्यात लांब बोटाच्या टोकाशी खूण करायची. दोन्ही पावलं मोजा, मोठं पाऊल धरा. धाकटीचं डावं 23.8 आणि उजवं 24.2 सेंटिमीटर निघालं. बुटाच्या जिभेवरच्या लेबलावर यूके, यूएस, युरोप असे तीन-तीन नंबर असतात आणि कंपनीगणिक ते पुढेमागे होतात. बऱ्याच बुटांवर सेंटिमीटरचाही आकडा असतो, तो आपल्या कागदाशी जुळवायचा. मुलींसाठी तर हे फारच गरजेचं, कारण बास्केटबॉलचे बहुतेक बूट पुरुषांच्या फळीवर असतात आणि यूएस पद्धतीत बायकांचा नंबर पुरुषांच्या नंबरापेक्षा साधारण दीडनं जास्त असतो.

वाढत्या पायाचे बूट घेऊ नका. फ्रॉक वाढत्या अंगाचा शिवता येतो, तसा बूट घेता येत नाही. पुढे अर्धा ते एक सेंटिमीटर जागा पुरे. त्याहून सैल बुटात पाऊल आतल्या आत घसरतं आणि लो-टॉपमध्ये टाच उचलून बाहेर येते.

टाचेचा कप दाबून बघा. बुटाच्या मागच्या भागात आत एक कडक कवच असतं. अंगठ्यानं दाबल्यावर ते पापडासारखं मोडत असेल, तर बूट खाली ठेवा. लो-टॉपमध्ये टाच धरून ठेवायचं मुख्य काम याच कवचाचं.

बूट पिळून बघा. एका हातात टाच, एका हातात पुढचं टोक धरून ओलं फडकं पिळतो तसं पिळा. मधल्या भागानं विरोध करायला हवा. वाकवून बघितल्यावर तो चवड्यापाशी वाकायला हवा, कमानीपाशी नाही.

तळ पसरट हवा. बूट उलटा करून बघा. चवड्याच्या बाहेरच्या कडेला सोल थोडा बाहेर आलेला असेल तर उत्तम, पाऊल बाहेरच्या कडेवर कलंडताना तो टेकू देतो. फोम मऊ आणि फार जाड असेल तर उभं राहताना गादीवर उभं राहिल्यासारखं वाटतं. चालायला सुख, पण बाजूला सरकताना डुगडुग. धावण्याचे बूट बास्केटबॉलला चालत नाहीत ते यासाठीच. ते सरळ रेषेत पुढे जाण्यासाठी बनवलेले असतात.

आपलं मैदान आठवा. परदेशी व्हिडिओत खेळ लाकडी फरशीवर चालतो. आपल्याकडे शाळेचं मैदान म्हणजे सिमेंट, वर हिरवा रंग आणि त्यावर धूळ. मऊ रबराचा तळ लाकडावर छान चिकटतो, पण सिमेंटवर काही महिन्यांत गुळगुळीत होतो. सिमेंटसाठी टणक रबर आणि खोल खाचा हव्यात. नागमोडी रेघांची नक्षी सगळ्या बाजूंना पकड देते. नखानं रबर दाबून बघा, अंदाज येतो.

सगळ्यात शेवटी, दुकानातच खेळा. खेळताना घालायचे तेच मोजे आणि पट्टा बांधत असाल तर तो पट्टाही घेऊन जा. पट्ट्यानं बुटातली जागा बदलते. लो-टॉपचा एक फायदा इथे कळला, पट्टा त्यात अडचण न होता बसतो. धाकटीनं दोन फळ्यांच्या मधल्या बोळात चार पावलं डावीकडे, चार उजवीकडे सरकून दाखवली, उडी मारली, चवड्यांवर उभी राहिली. टाच एकदाही उचलली गेली नाही, तोच बूट आपला. दुकानदार बघत राहिला. बघू दे.

आम्ही शेवटी घेतले ते साडेचार हजारांचे. त्याच दुकानात अकरा हजारांचे होते, देखणे होते, पण तिच्या रुंद चवड्याला बाजूनं चावत होते. दोन हजारांचे होते, त्यांचा टाचेचा कप मोडत होता. महाग म्हणजे चांगला आणि स्वस्त म्हणजे वाईट, असं काही दिसलं नाही. पायाला बसला आणि यादीत उतरला, तो चांगला.

घरी येऊन नाडी बांधायची एक युक्तीही शिकलो. बहुतेक बुटांना सगळ्यात वर एक जादा छिद्र असतं, जे कुणी वापरत नाही. नाडी त्या छिद्रातून त्याच बाजूला परत आत घालून छोटा फास करायचा. दोन्ही बाजूंना असे फास झाले, की नाडीची टोकं समोरासमोरच्या फासांतून ओवून आवळायची. टाच घट्ट बसते, वर पाऊल मात्र आवळत नाही.

बुटांच्या पलीकडचं

बूट टिकवायचे असतील तर ते फक्त मैदानावर घाला. दूध आणायला, शिकवणीला जायला चप्पल आहे. पावसात भिजले तर कडक उन्हात किंवा हीटरपाशी ठेवू नका, उष्णतेनं डिंक सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा. खेळायच्या आधी ओल्या फडक्यानं तळ पुसा, धुळीनं पकड जाते. आणि खाचा झिजून सपाट झाल्या, की बूट वरून कितीही नवे दिसोत, मैदानावरून निवृत्त करा.

पाय मुरगळलाच, तर लेपावर थांबू नका. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे काढून घ्या. आणि दुखणं थांबलं म्हणजे घोटा बरा झाला असं धरून चालू नका. ताकद आणि तोल परत येईपर्यंत व्यायाम हवाच.

धाकटी एप्रिलपासून खेळते आहे. दात घासताना दोन मिनिटं ती एका पायावर उभी असते. एक मिनिट उजवा, एक मिनिट डावा. खेळायला निघताना आई तिचा पट्टा आवळून बघते आणि मगच फाटक उघडू देते. पुन्हा दुखापत होणार नाही, असं आम्हाला कुणीच लिहून दिलेलं नाही. खेळ आहे, उडी आहे, दुसऱ्यांचे पाय आहेत. पण भीतीचं काय करायचं, ते आता ठरलेलं आहे.

परवा स्वयंपाकघरात गेले तर आई ओट्याला धरून डाव्या पायावर उभी होती. दूध तापत होतं. मला बघून म्हणाली, "दूध वर येईपर्यंत काय करायचं, म्हणून." तुमच्याकडे बूट जेव्हा घ्यायचे तेव्हा घ्या. एका पायावर उभं राहायला मात्र आजपासून सुरुवात करा, घरातल्या सगळ्यांनी.